एका विद्यार्थ्याची वही

श्रोतेहो, उत्तरपत्रिका तपासणे हे आम्हा प्राध्यापकांच्या धंद्यातले सर्वांत कंटाळवाणे काम. शंभर मुले एकच प्रश्न सोडवतात आणि आम्हाला शंभर वेळा एकच उत्तर वाचावे लागते. बाजारात गाईड मिळते, गाईडात उत्तर तयार असते, ते पाठ होते, कागदावर उतरते आणि आम्ही त्यावर बरोबरची खूण करतो. मुलाने मूळ कादंबरी वाचली की नाही हे कुणी विचारीत नाही. अशाच एका गठ्ठ्यात, सात-आठ वर्षांपूर्वी, मला एक निराळी उत्तरपत्रिका सापडली. आज मी बोलणार आहे ते तिच्याविषयी, आणि ती लिहिणाऱ्या मुलाविषयी. त्याची परवानगी घेतलेली आहे. नाव मात्र सांगणार नाही, तशी त्याची अट आहे.

प्रश्न असा होता : ‘बनगरवाडी’ या कादंबरीतील ग्रामजीवनाचे चित्रण सोदाहरण स्पष्ट करा. गुण पंधरा. बाकीच्या मुलांनी निसर्गचित्रण, व्यक्तिचित्रण, भाषाशैली असे मथळे घालून, खाली रेघा ओढून उत्तरे लिहिली होती. या मुलाचे पहिलेच वाक्य होते, ‘ही कादंबरी मला दोनदा आवडली नाही. तिसऱ्यांदा आवडली, पण आवडली म्हणून बरे वाटले नाही.’ पुढे मुद्दे नाहीत, मथळे नाहीत. त्याचा आजा काय म्हणाला, मेंढरे दुष्काळात कशी मरतात, असले काहीबाही दोन पाने भरून लिहिलेले. मला ते प्रश्नाला सोडून वाटले. मी पंधरापैकी चार गुण दिले आणि समासात लाल शाईने लिहिले, ‘वैयक्तिक मते नकोत.’

चार दिवसांनी तो मला भेटायला आला. मला वाटले, गुण वाढवून मागायला आला असेल. त्याने गुणांचे नावही काढले नाही. उत्तरपत्रिकेवरच्या त्या लाल ओळीवर बोट ठेवून म्हणाला, “सर, वैयक्तिक नको, तर मग कुणाची मतं लिहायची?”

तो टोमणा नव्हता. त्याला खरोखरच माहीत करून घ्यायचे होते. मी समीक्षकांची नावे सांगितली, ग्रंथालयातली दोन पुस्तके सुचवली. त्याने ती नावे लिहून घेतली आणि गेला. मी मात्र घरी जाऊन ती उत्तरपत्रिका पुन्हा वाचायला घेतली.

इथे ‘बनगरवाडी’विषयी थोडे सांगायला हवे, कारण ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांनी ती वाचली नसेल. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 साली प्रसिद्ध झाली. माडगूळकर माणदेशातले. त्यांनी स्वतः काही काळ मास्तरकी केली होती. पुढे पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात ते अनेक वर्षे होते, म्हणजे एका अर्थी ते आपल्या घरचेच. गोष्ट औंध संस्थानाच्या काळातली आहे. राजाराम सौंदणीकर नावाचा कोवळा मास्तर धनगरांच्या एका लहानशा वाडीवर पहिल्या नोकरीला जातो. शाळा ओस पडलेली, मुले मेंढरांमागे. वाडीचा म्हातारा कारभारी त्याला हाताशी धरतो, हळूहळू शाळा भरू लागते. मास्तर लोकांकडून तालीम बांधून घेतो, तिच्या उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. मग कारभारी मरतो, दुष्काळ येतो, माणसे मेंढरे घेऊन वाडी सोडतात आणि शेवटी मास्तरही निघून जातो. संपली गोष्ट.

आता गंमत पाहा. इतके सगळे सांगूनही काही सांगितले असे वाटत नाही. फडके-खांडेकरांच्या कादंबरीचे तसे नव्हते. तिथे नायक होता, नायिका होती, गैरसमज होते, शेवटी मिलन किंवा विरह होता. लेखक वाचकाचा हात धरून शेवटच्या पानापर्यंत पोचवून देत असे. मराठी कथेने हा हात सोडला तो साधारण 1945 नंतर. गंगाधर गाडगीळांचा ‘मानसचित्रे’ हा पहिला संग्रह 1946 सालचा. त्याच सुमारास गोकुळ अष्टमीच्या दहीहंडीसारखी कथानकाची हंडी फोडून तरुण लेखक मोकळे झाले. मनात काय चालले आहे, एखाद्या संध्याकाळी काय वाटले, एवढ्यावर कथा उभी राहू लागली. ‘पुढं काय झालं?’ या प्रश्नाला तिथे फारसे उत्तर नसते. खेड्यातल्या मुलाला, ज्याने लहानपणी कीर्तन ऐकले आणि तमाशातले वग पाहिले, त्याला हे सारे अळणी लागले तर त्यात त्याचा दोष नाही. आम्ही मात्र त्याला ‘तुला वाङ्मयीन दृष्टी नाही’ असे म्हणून गप्प करतो.

या मुलानेही पहिल्या वाचनाविषयी तसेच लिहिले होते. काही घडत नाही म्हणून आवडली नाही. दुसऱ्या वेळी न आवडण्याचे कारण निराळे होते. तो स्वतः धनगराच्या घरातला. दिवाळी झाली की त्याच्या घरची माणसे मेंढरे घेऊन पश्चिमेकडे चाऱ्याला उतरतात, पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात. रात्री कुणाच्या तरी रानात मेंढरे बसवायची, त्या खताच्या बदल्यात शेतकऱ्याने धान्य किंवा पैसे द्यायचे, असा हा जुना व्यवहार आहे. मुलगा कॉलेजच्या गावी एका नातलगाकडे राहायचा आणि सुट्टी पडली की एस. टी. पकडून वाडा जिथे उतरला असेल तिथे जायचा. अशाच एका सुट्टीत त्याने वाड्यावर, कंदिलाच्या उजेडात, ‘बनगरवाडी’ मोठ्याने वाचली. ऐकायला आजा, दोन चुलते आणि धाकटी बहीण.

आजा निरक्षर. दोन रात्री त्याने मुकाट्याने ऐकले. तिसऱ्या रात्री म्हणाला, “ह्यो मास्तर बकऱ्यामागं कंदी गेल्याला न्हाई. पर मान्सं बराबर धरल्यात त्यानं.”

उत्तरपत्रिकेत हे वाक्य जसेच्या तसे होते आणि मी त्याखाली लाल रेघ ओढली होती, भाषा अशुद्ध म्हणून! खरे पाहता, श्रोतेहो, मराठी ग्रामीण कादंबरीवर मी जी पाच-पन्नास समीक्षणे वाचली त्यांत इतका नेमका अभिप्राय फार थोड्यांचा असेल. आजाचे बोट बरोबर जागेवर पडले होते. ‘बनगरवाडी’ ही मास्तराच्या डोळ्यांनी पाहिलेली वाडी आहे. तो बाहेरचा आहे, पगारी आहे, त्याला एक दिवस जायचे आहे.

नातवाने हाच धागा पुढे नेला होता. त्याने लिहिले होते, ‘या पुस्तकात आमची माणसे पुष्कळ बोलतात, पण गोष्ट आमच्यापैकी कुणी सांगत नाही. म्हणून दुसऱ्यांदा आवडली नाही.’

आणि तिसऱ्यांदा? तिसऱ्यांदा म्हणजे दुष्काळाचा भाग. तो वाचायला लागल्यावर आजाने हात वर केला. “ऱ्हाऊ दे आता. फुडचं ठावं हाय मला.” एवढे बोलून तो उठला आणि अंधारात वाघरीपाशी, म्हणजे मेंढरांभोवती लावतात त्या जाळ्यापाशी, जाऊन उभा राहिला. परत यायला त्याला बराच वेळ लागला. दुसऱ्या दिवशी चालता चालता त्याने नातवाला 1972 सालचे सगळे सांगितले. घरची एकशे दहा मेंढरे होती, अकरा राहिली. मग तो आणि आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. हे त्याने त्याआधी घरात कधी कुणाला सांगितले नव्हते. नातवाला नाही, मुलांनाही नाही. एक छापलेली कादंबरी, तीही मास्तराने सांगितलेली, वाचून थांबवली तेव्हा ते तोंडातून निघाले. ‘आवडली, पण बरे वाटले नाही’ या वाक्याचा अर्थ मला त्या रात्री कळला. तोवर अंतर्गत गुणांचे पत्रक वर गेले होते. चाराचे दहा करणे माझ्या हातात राहिले नव्हते.

मी त्याला बोलावून घेतले आणि माझी चूक झाली असे सांगितले. तो संकोचला. मग आम्ही बोलत बसलो, आणि तिथे आमचे मतभेदही झाले. माझे म्हणणे असे की, मास्तर बाहेरचा आहे म्हणूनच वाडी दिसते. आतल्या माणसाला ज्याची सवय झालेली असते ते बाहेरच्याला नवल वाटते, आणि नवल वाटल्याशिवाय कुणी लिहीत नाही. त्यावर तो म्हणाला, “तुम्हाला बघायला मास्तर लागतो, सर. मला लागत नाही.” यावर काय बोलणार? तरीही मला अजून वाटते की माझ्या म्हणण्यातही तथ्य आहे. धनगर निवेदक असता तर ती निराळी कादंबरी झाली असती, चांगली किंवा वाईट, पण ‘बनगरवाडी’ झाली नसती. आमचा हा वाद मिटलेला नाही.

त्या दिवशी त्याने मला आपली वही दाखवली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. मागच्या बाजूने मेंढरांचा हिशोब : कुणाच्या रानात किती रात्री बसवली, किती धान्य आले, किती येणे. पुढच्या बाजूने वाचलेल्या पुस्तकांविषयी. दोन्ही बाजूंचे अक्षर सारखेच काटकसरीचे. मी त्याला ‘कोसला’ वाचायला दिली.

‘कोसला’ भालचंद्र नेमाड्यांनी वयाच्या पंचविशीत लिहिली. ती 1963 साली आली. पुढे 2014 सालचे ज्ञानपीठ पारितोषिक नेमाड्यांना मिळाले, पण हे पुस्तक तरुणांच्या हातात त्याच्या किती तरी आधीपासून फिरत होते. खानदेशातल्या सांगवी गावचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात येतो, वडिलांच्या पैशावर वसतिगृहात राहतो, मेसच्या आणि संमेलनाच्या उठाठेवी अंगावर घेतो, पैसे उधळतो, परीक्षेत आपटतो आणि गावी परत जातो. सांगण्याची तऱ्हा अगदी मोकाट. मधेच रोजनिशी येते, मधेच थट्टा येते.

इथे मला माझेही एक सांगितले पाहिजे. मी विद्यार्थी असताना ‘कोसला’ आम्हाला अभ्यासाला होती. त्यात पांडुरंगाची धाकटी बहीण मनी मरते. तो भाग वाचताना मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन रडलो होतो. परीक्षेत मात्र मी लिहिले की, ‘या प्रसंगातून लेखकाने मृत्यूची अस्तित्ववादी जाणीव प्रभावीपणे व्यक्त केली आहे.’ अस्तित्ववाद म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आज ठाऊक आहे असे छातीठोकपणे सांगत नाही. मला पंधरापैकी बारा गुण मिळाले. गच्चीवरच्या त्या संध्याकाळीविषयी मी कुणापाशी बोललो नाही. लाज वाटली. पुढे प्राध्यापक झालो आणि तीच लाज मुलांना शिकवू लागलो.

या मुलाने ‘कोसला’ वाचली ती दातओठ खात. वहीत एक अख्खे पान पांडुरंगाच्या खर्चाच्या हिशोबाचे आहे. चहा, मेस, मित्रांना दिलेले, बुडालेले. त्या काळचे रुपये आणि आजची मेंढी यांचा मेळ त्याने कसा घातला देव जाणे, पण खाली उत्तर काढले आहे : ‘चौदा मेंढ्या.’ पुढे लिहिले आहे, ‘या माणसाच्या दुःखाशी मला काही देणेघेणे नाही. आधी बापाचे पैसे परत कर म्हणावे.’ मी हसलो. पण हसून सोडून देण्यासारखे ते नव्हते. पांडुरंगाचे तुटलेपण, त्याचा कंटाळा याला आम्ही आधुनिक माणसाचे दुःख म्हणतो. ज्याच्या घरी कंटाळायला कुणाला फुरसत नाही अशा मुलाला ते दुःख चैनीचे दिसले. असे म्हणण्याचा त्याला अधिकार आहे. कादंबरी त्यामुळे लहान होत नाही, पण ती कुणासमोर कशी उभी राहते ते दिसते.

मग मनीचा भाग. त्या दिवशीच्या पानावर तारीख आहे आणि एकच ओळ : ‘आज लिहीत नाही. घरी फोन करायचा.’

पुढची तीन पाने कोरी. चौथ्या पानावर त्याने बहिणीविषयी लिहिले आहे. कंदिलाजवळ बसून ‘बनगरवाडी’ ऐकणारी तीच बहीण. ती सातवीनंतर शाळेत गेली नाही. मेंढरांमागे माणूस कमी पडत होता, आणि तो कमी पडत होता कारण हा कॉलेजात होता. एवढी साधी वजाबाकी. ती त्याने आधी कधी मांडली नव्हती. पांडुरंगाचा हिशोब एका पानात मांडणाऱ्या मुलाला आपला हिशोब मांडायला तीन कोरी पाने लागली.

आठ दिवसांनी येऊन त्याने सांगितले, “सर, मी कॉलेज सोडतोय. वाड्यावर जातो. ती शाळेत जाईल.”

तुम्ही शिक्षक असाल तर तुम्ही काय म्हटले असते? मी त्याला थांबवायचा प्रयत्न केला. पदवीला दीड वर्ष राहिले आहे, नोकरी लागली तर बहिणीलाच उपयोग होईल, वगैरे वगैरे. तो ऐकून घेत होता. मला मात्र आतून धाकधूक होती, कारण ते पुस्तक मीच त्याच्या हातात दिले होते. वाङ्मय माणसाला समृद्ध करते असे आम्ही वर्गात सांगतो. त्याने एखाद्याचे कॉलेज सुटले तर जबाबदारी कुणाची, हे कुठल्या क्रमिक पुस्तकात लिहिलेले नाही. शेवटी मी एवढेच म्हणालो, “नाव काढू नकोस. एक वर्ष अंतर पडलं तर पडू दे.”

तो गेला. एक वर्ष मेंढरांमागे राहिला. बहीण मामाच्या गावी राहून आठवीत बसली. वर्गातल्या मुलींपेक्षा तिचे वय मोठे, त्याचा तिला त्रास झाला म्हणतात. पुढच्या जूनमध्ये तो परत आला आणि रखडत का होईना, पदवी घेऊन गेला. कादंबरी वाचून हे घडले असे मी म्हणणार नाही. त्याच्या मनात ते आधीपासून असणार. मनीच्या मृत्यूने फक्त त्याला तिथे थांबवले.

शिक्षक मित्रांसाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो, कारण हा कार्यक्रम ते ऐकतात हे मला ठाऊक आहे. ‘तुम्हाला काय वाटले?’ एवढेच विचारले की मुले ‘फार छान वाटली, मन भारावून गेले’ असे लिहून देतात. तेही गाईडच, फक्त छापायचे राहिलेले. मी पहिल्या वर्षी हा प्रयोग केला आणि साठ भारावलेल्या मनांखाली दबून गेलो. आता मी निराळे विचारतो. कोणत्या पानावर वाचन थांबवलेत? कुठे राग आला, कुणाचा? कोणते पान गाळून पुढे गेलात? घरात कुणाला वाचून दाखवले का आणि ते काय म्हणाले? या प्रश्नांची उत्तरे गाईडात सापडत नाहीत आणि खोटी लिहायला गेले तर पकडली जातात. एका मुलीने प्रामाणिकपणे लिहिले की तिने कारभाऱ्याच्या मरणाचे पान गाळले, कारण घरात आजोबा आजारी होते आणि तिला भीती वाटली. मी तिला पूर्ण गुण दिले. आमच्या विभागात त्यावरून थोडी कुरबूर झाली. असो.

पाठ्यक्रमाच्या परीक्षेत अजून तोच प्रश्न येतो, सोदाहरण स्पष्ट करा म्हणून. त्याचे उत्तर कसे लिहायचे तेही मी शिकवतो, कारण मुलांना उत्तीर्ण व्हायचे असते. पण ते वर्षाच्या शेवटी, पंधरा दिवसांत.

तो मुलगा आता तिशीला टेकला आहे. बहिणीचे बारावीपर्यंत झाले, लग्न झाले. आजा गेला. मेंढरे पूर्वीच्या निम्मी उरली आहेत आणि ती धाकट्या चुलत्याकडे आहेत. गेल्या दिवाळीत तो माझ्या घरी आला होता. जाताना पिशवीतून तीच पुठ्ठ्याची वही काढून ठेवून गेला. हिशोबाच्या बाजूची पाने संपली होती, पुढच्या बाजूला त्याने एक गोष्ट लिहायला घेतली आहे. सांगणारा म्हातारा धनगर आहे, साल 1972 आहे आणि त्या वाडीवर मास्तर आहे, पण तो तोंड उघडीत नाही. एकंदर चौदा पाने झाली आहेत. पहिली चार मला आवडली नाहीत. पाचव्या पानावर म्हातारा रात्री उठून मेंढरे मोजायला जातो, तिथे मी थांबलो आणि पुढे दोन दिवस वाचू शकलो नाही. हे सगळे मी त्याला पत्राने कळवले आहे.